शेंगदाणं न्हाय, नुसता कूट हाय

मामा माती चाखायचे, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. कोल्हापुरातल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत मी रुजू झाले त्या सकाळी शिरोळकडचा एक शेतकरी कापडी पिशवीत माती घेऊन आला होता. टेबलामागे बसलेल्या जाड मिशीच्या माणसानं पिशवीत दोन बोटं घातली, चिमूटभर माती जिभेच्या टोकाला लावली आणि डोळे मिटले. मग बेसिनमध्ये थुंकून शांतपणे म्हणाला, "पावणं, उसाला पाणी कमी द्या. रान खारटलंय."

"आवो, अजून मशीनला लावली बी न्हाय तुमी," शेतकरी म्हणाला.

"लावतो की. मशीन बी त्येच सांगंल, पर चार दिसांनी."

चार दिवसांनी अहवाल निघाला. क्षार मर्यादेच्या बरेच वर होते.

हेच मामा. पदानं प्रयोगशाळा सहायक, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान, पण कागदावर वरिष्ठ. म्हणून ते मला 'म्याडम' म्हणायचे आणि मी, सगळे म्हणतात म्हणून, त्यांना 'मामा'. शाहूवाडीकडची तांबडी माती त्यांना आंबट लागायची. पन्हाळ्याच्या बाजूची 'जरा तुरट, पर गुणाची'. आमच्या साहेबांनी त्यांना दहा वेळा समजावलं होतं की मातीत जंतू असतात, औषधं असतात, हे बंद करा. मामा म्हणायचे, "साहेब, जीब खोटं बोलत न्हाय."

त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून ऑफिसातल्या मंडळींनी एकदा जिन्याखालच्या कुंडीतली माती पिशवीत भरली, वर कुठल्याशा गावाची चिठ्ठी लावली आणि त्यांच्यापुढे ठेवली. मामांनी चाखली. पुन्हा एकदा चाखली. मग म्हणाले, "ही शेतातली न्हाय. कुंडीतली हाय. आणि साहेब आपला बिनसाखरेचा चहा रोज हितंच वततात." साहेब त्या वेळी दारातच उभे होते. त्या दिवसापासून ते चहा पूर्ण प्यायला लागले.

अशा माणसाला मी सांगायला गेले की मला शेंगदाणे चालत नाहीत.

मी रत्नागिरीची. आमच्याकडे नारळ. भाजीत नारळ, आमटीत नारळ, नारळ कमी पडला तर वरून नारळ. लहानपणी एकदा शाळेत चिक्की खाल्ली आणि दवाखान्यात जाग आली, तेव्हापासून घरात शेंगदाणा आला नाही. कोल्हापूरला नेमणूक झाली तेव्हा आईनं विचारलं होतं, "तिकडे काय घालतात गं जेवणात?" मी म्हणाले होते, मिरची घालतात. मला खरंच माहीत नव्हतं. इथं कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट, खर्ड्यात कूट, पालेभाजीत अख्खे दाणे. पहिल्याच दिवशी माझ्या स्वागताला दाण्यांनी भरलेलं भडंग आलं आणि मी खुर्ची मागे सरकवून दाराशी जाऊन उभी राहिले. नव्या म्याडम शिष्ट आहेत, असं दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसचं ठरलं होतं.

मामांनी एकट्यानं येऊन विचारलं, "भडंगाशी तुमचं काय भांडण हाय?"

मी सांगितलं. दाणा पोटात गेला तर घसा सुजतो, श्वास बंद होतो, जीव जाऊ शकतो. पर्समधली छोटी पिशवी उघडून इंजेक्शन दाखवलं.

मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "शेंगदाण्यानं?"

"हो."

"साध्या शेंगदाण्यानं? आमी खातो त्या?"

"त्याच."

"आजवर कुणाचं ऐकलं न्हाय बगा असलं," असं म्हणून ते गेले. त्यांना ते खोटं वाटत नव्हतं. पण खरंही वाटत नव्हतं. त्यांच्या जिभेनं अजून ते तपासलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

बाहेर जेवायला जाणं मी टाळायचे. पण सहाएक महिन्यांनी ऑफिसातल्या एकाला बढती मिळाली आणि त्यानं सगळ्यांना रंकाळ्याच्या काठावरच्या एका हॉटेलात संध्याकाळी जेवायला बोलावलं. नाही म्हणायची माझी पाळी तीनदा येऊन गेली होती, चौथ्यांदा जमेना. बाहेर पाण्याच्या बाजूला टेबलं मांडली होती. वारा सुटला होता, कागदी रुमाल उडून तळ्यात जात होते. मी वेटरला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, कशाकशात शेंगदाणे आहेत?

वेटर मोठ्यानं म्हणाला, "शेंगदाणं अजिबात न्हाईत म्याडम. निवांत बसा."

"वांग्यात पण नाहीत?"

"न्हाय. वांग्यात नुसता कूट हाय."

टेबलावर हशा झाला. मलाही हसू आलं. "तेल कुठलं वापरता?" मी विचारलं.

"एक नंबर. घाण्यावरचं शेंगतेल."

शेवटी पाम तेलात केलेला अख्खा मसूर आणि साधा भात, यावर आम्ही येऊन थांबलो. मसुरात दाणा नाही, कूट नाही, शेंगतेल नाही, असं वेटर आत विचारून आला. तरी माझा हात ताटाकडे जाईना. ते पाहून मामा समोरून उठले, माझ्या वाटीतून चमचाभर मसूर घेतला, डोळे मिटून तोंडात घोळवला.

"न्हाय," ते म्हणाले. "खावा बिनधास्त. माझी जबाबदारी."

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. मी खाल्लं. चौथ्या घासाला ओठ चुरचुरायला लागले. पाचवा घास घेतलाच नाही. घशात आतून कुणीतरी मूठ आवळतंय असं वाटलं. मी पर्स उघडली, पण पिशवीची चेन निघेना. मामांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. औषधाची बाटली, सुई, डॉक्टरांनी खूण करून दिलेली रेघ. तोंडानं बोलता येईना, म्हणून मी बोटानं दाखवत गेले. इतकी वर्षं काचेच्या नळीत थेंब थेंब मोजून भरणारा तो हात. रेघेपर्यंत औषध भरलं, हवा काढली, मी दाखवलं तिथं मांडीत टोचलं. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. चेहरा मात्र चुन्यासारखा पांढरा पडला होता.

मग रिक्षा. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "काय झालंय बाईस्नी?"

"शेंगदाणं," मामा म्हणाले.

"घशात अडकलं व्हय?"

"न्हाय. खाल्लंच न्हाईत."

रिक्षावाल्यानं वळून मामांकडेच पाहिलं. मामा म्हणाले, "म्होरं बघ आणि पळीव."

एक रात्र मला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. मी ऑफिसला आले, पण मामा आले नव्हते. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आले ते थेट माझ्या टेबलाशी, आणि तंबाखूची डबी माझ्यापुढे ठेवली.

"ही तुमच्या कपाटात ठिवा. कुलूप घाला. मी मागिटली तर देऊ नका."

"कशाला, मामा?"

"जीब मेलीया माझी. तीस वरसं तंबाखू. मातीचं मीठ कळत हुतं म्हणून मला वाटलं, सगळंच कळतंय." मग खाली बघून म्हणाले, "जबाबदारी माझी म्हणालो हुतो. तुमच्या आईला काय सांगितलं असतं मी?"

मी डबी कपाटात ठेवली.

पुढचे तीन आठवडे ऑफिसनं कसे काढले ते ऑफिसला माहीत. मामा शेतकऱ्यांशी भांडले, साहेबांशी भांडले, वजनाच्या काट्याशी भांडले. बडीशेप खाऊन खाऊन त्यांचा सगळा कोपरा मिठाईच्या दुकानासारखा वासायला लागला. दोनदा ते माझ्यासमोर येऊन हात पुढे करून उभे राहिले. मी नाही म्हणाले. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "तुमी लई कठोर बाई हाय," आणि निघून गेले. पण कुलपाला त्यांनी हात लावला नाही.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी घरी प्रयोग सुरू केले. मामींनी आमटीच्या तीन वाट्या करायच्या, त्यातल्या एकीत चिमूटभर कूट मिसळायचा, आणि मामांनी डोळ्यांवर पंचा बांधून ओळखायचं. आठवडाभर त्यांनी एकदाही चूक केली नाही. मामी मला फोनवर म्हणाल्या, "म्याडम, ह्यास्नी काय तरी सांगा. घरातली आमटी गरम अशी कुणाला मिळंना झालीया."

जीभ परत आली, हे सिद्ध झाल्यावर मामा रंकाळ्यावरच्या त्याच हॉटेलात गेले आणि अख्खा मसूर मागवला. दाणा नव्हता. चार दिवसांनी पुन्हा गेले. नव्हता. वेटरला वाटलं, गिऱ्हाइकाला मसूर फार आवडला. तिसऱ्या, चौथ्या खेपेलाही नाही. पाचव्या खेपेला मामांनी चमचा तोंडात घातला आणि तसेच उठून स्वयंपाकघरात शिरले.

हे मला कळलं ते व्हिडिओ कॉलमुळे. मी घरी कपडे वाळत घालत होते. फोनवर आधी धूर दिसला, मग मामांची मिशी, मग एक लांब दांड्याची पळी.

"म्याडम, सापडलं. ही बगा. वांग्यातली पळी मसुरात, मसुरातली वांग्यात. गर्दी नसली की धुत्यात. गर्दी असली की न्हाय."

पळीच्या मागे एक वयस्क, पांढऱ्या दाढीचा चेहरा आला. हे तिथले मुख्य आचारी. त्यांना सगळे 'चाचा' म्हणतात, हे मला नंतर कळलं.

"म्याडम, ह्यो माणूस तुमचा हाय काय?" चाचांनी विचारलं.

मी म्हणाले, "हो. आमच्या ऑफिसातले आहेत."

"चाळीस साल झाली मला ह्या कामात. माझ्या पळीला आजवर कुणी बोट लावलं न्हाय. घिऊन जावा ह्यास्नी."

"चाचा," मामा म्हणाले, "ऐका माझं. समजा मी युरियाच्या पोत्यात खुरपं घातलं. आणि त्याच खुरप्यानं तुमच्या रानातली माती काढली. रिपोर्ट खरा यील का खोटा?"

"मला रान न्हाय."

"समजा हाय."

"मग खोटा यील."

"का?"

"खुरप्याला युरिया हाय म्हणून."

"मग पळीला काय हाय?"

कढईखालचा गॅस बारीक झाला. मग चाचा मला म्हणाले, "म्याडम, मागं इथंच एक पोरगी आजारी पडलेली, ती तुमीच काय?"

मी हो म्हणाले. चाचांनी पळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला कुणी सांगिटलंच न्हाय," ते म्हणाले. "मालकानं सांगिटलं, उन्हानं चक्कर आली." संध्याकाळची गोष्ट होती ती.

त्यानंतर मामा आणि चाचा यांचं नेमकं काय झालं ते मला सांगता येणार नाही. मामा दर आठवड्याला तिकडे जाऊ लागले. भांडायला जातात असं म्हणायचे. जाताना एकदा मातीच्या नमुन्यांवर लावायच्या चिकटचिठ्ठ्या घेऊन गेले, आणि चाचांच्या डब्यांवर कूट, तीळ, खसखस अशी नावं आली. चाचा म्हणे चिडले होते, की मला माझे डबे वासावरून कळतात. मामा म्हणाले, मला बी वाटत हुतं तसंच.

माझं मात्र बाहेरचं जेवण सुटलं ते सुटलंच. चहासुद्धा मी घरून थर्मासमध्ये आणायचे. कुणाच्या वाढदिवसाला ऑफिसात केक आला तरी माझी पावलं आपोआप दाराकडे वळायची. लोक समजून घ्यायचे, आणि ते समजून घेणंच मला नकोसं व्हायचं. कोल्हापुरात वर्षभर राहून मी पांढरा रस्सा चाखलेला नव्हता. त्यात दाणा नसतो, हे मला माहीत होतं. मसुरातही नसतो.

मामांच्या निवृत्तीची वेळ आली. साहेबांनी विचारलं, निरोपाचं जेवण कुठं ठेवायचं? मामा म्हणाले, रंकाळ्यावर. तिथंच. सोमवारी दुपारी, हॉटेल बंद असतं तेव्हा. आणि त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात कूट दिसता कामा नये. आमच्यातल्या एकानं कुरकुर केली, "मामा, बिनदाण्याचा खर्डा म्हणजे काय खर्डा हाय का?" मामा म्हणाले, "मग तू घरात जेव."

मी माझ्या डॉक्टरांना विचारून आले. दोन इंजेक्शनं सोबत ठेवा, दवाखाना जवळ असू दे, आणि मनाला पटलं नाही तर खाऊ नका, असं ते म्हणाले. मी पर्समध्ये दोन इंजेक्शनं घातली. पिशवीत घरचा डबाही घातला.

एक वाजता आम्ही सगळे तळ्याकाठी जमलो. पुष्पगुच्छ होता, शाल होती, श्रीफळ होतं, फक्त मामा नव्हते. ते सकाळी आठपासून आत होते. साहेबांनी मान्यवर, सत्कारमूर्ती वगैरे म्हणत भाषण सुरू केलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत संपवलं. बोलावणं पाठवलं तर आतून निरोप आला, रस्सा उकळतोय, सोडून येता येत नाही. शेवटी साहेबच शाल आणि नारळ घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, त्यांच्यामागून आम्ही. मामांनी डोक्याला पंचा बांधला होता. एका हातात पळी तशीच धरून त्यांनी खांद्यावर शाल घेतली, वाकून नमस्कार केला. नारळ घ्यायला हात मोकळा नव्हता. चाचांनी पुढे होऊन तो घेतला आणि म्हणाले, "बरं झालं. दुधाला एक कमीच पडत हुता." टाळ्या थांबायच्या आत त्यांनी तो फोडला. मामांच्या पस्तीस वर्षांच्या सेवेचं श्रीफळ पांढऱ्या रश्श्यात गेलं.

पंगत बसली. माझी वाटी मामांनी स्वतः आणली. ती पुढे ठेवली, पण खावा म्हणाले नाहीत. समोरच्या खुर्चीवर बसले आणि पंच्यानं हात पुसत म्हणाले, "म्याडम, आज मी जबाबदारी-बिबाबदारी काय म्हणत न्हाय. काय काय केलंय ते सांगतो. भांडी माझ्या घरातली, मामीनं सोडा टाकून धुतली. तेलाचा डबा सीलबंद, माझ्याम्होरं फोडला. मसाला घरात वाटला. पळी नवी. तीळ दुकानातलं न्हाय, शेतकऱ्याकडनं आणलं, खसखस सीलबंद पुडीतली. कूट काल रातीच हितनं भाईर काढलाय, ओटा दोनदा धुतलाय. चाचा सकाळपास्नं काय खाल्ल्याबिगर उभं हाईत, हाताला काय लागू ने म्हणून. एवढं केलंय. खायचं का न्हाय, ते तुमी ठरवा. डबा आणलाय तुमी, मला म्हाईत हाय. डबा खाल्लासा तरी मला राग न्हाय."

स्वयंपाकघराच्या दारात चाचा उभे होते. ते माझ्याकडे न बघता तळ्याकडे बघत होते.

मी वाटी उचलली. एक घोट घेतला, थांबले. मग दुसरा. मामांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पाच मिनिटं गेली. मी आणखी दोन घोट घेतले. कुणी ठरवलं नव्हतं, पण अख्ख्या पंगतीनं जेवण थांबवलं होतं. सगळ्यांची भाकरी हातात, सुक्कं मटण ताटात गार होत चाललेलं आणि बावीस डोळे माझ्या गळ्यावर. साहेबांनी एकदा हळूच विचारलं, "खाज वगैरे?" मी मान हलवली. मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुन्हा ते बोलले नाहीत.

वीस मिनिटं झाली. मग पंचवीस. वाटी रिकामी झाली होती. ओठ ओठांच्या जागी होते, घसा घशाच्या जागी. मामांनी घड्याळ परत मनगटाला बांधलं. पट्टा त्यांना पटकन लागेना.

"कसा हुता रस्सा?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "मामा, भीतीनं चवच कळली नाही."

पंगत हसली. चाचा दारातून दोन पावलं पुढे आले. मामांनी माझी वाटी उचलली आणि त्यांच्याकडे धरली.

"चाचा, म्याडमना परत वाढा," ते म्हणाले. "ती तपासणीची हुती. ही जेवायची."